ठिपका भरायचा की नाही?

पोकळ गोल आणि भरीव ठिपका यांतला फरक शिकवायला गणिताच्या मास्तराला दोन मिनिटं पुरतात. ‘क्ष > ५’ असेल तर संख्यारेषेवर पाचाच्या जागी पोकळ गोल काढायचा आणि तिथून उजवीकडे बाण सोडायचा. ‘क्ष ≥ ५’ असेल तर तोच गोल पेन्सिलीने गच्च भरायचा, बाण तसाच. पोकळ म्हणजे खुद्द पाच बाहेर, भरीव म्हणजे पाच आत. झालं, पुढचं उदाहरण घ्या. मुलं हे वहीत उतरवतात, गुण मिळवतात, मोठी होतात आणि मग उरलेलं आयुष्य कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभं राहून ‘पाचपर्यंत म्हणजे पाच धरून की सोडून?’ यावर भांडण्यात घालवतात. खिडकीच्या आत बसलेला माणूसही शाळेत हेच उदाहरण सोडवून आलेला असतो. तो म्हणतो, “साहेबांना विचारावं लागेल.”

भिवंडीत माझी शिकवणी आहे. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर आमचा वर्ग. खालच्या खटखटीची सगळ्यांना इतकी सवय झालेली आहे की आवाज असला की वर्ग सुरळीत चालतो. वीज गेली आणि माग थांबले की मात्र भयाण शांतता पसरते, आणि सर इतका वेळ शिकवत नसून ओरडत होते, हे मुलांच्या लक्षात येतं.

असमानता शिकवताना पहिली आडवी येते ती मगर. प्राथमिक शाळेत कुणीतरी मुलांना सांगून ठेवलेलं असतं की < आणि > म्हणजे मगरीचं तोंड, आणि मगर हावरट असल्यामुळे मोठ्या संख्येकडे आ वासते. तीन आणि सात यांच्यात मगर ठीक काम करते. पण समोर क्ष आला की तिची पंचाईत होते, कारण क्ष केवढा आहे हे तिला खाल्ल्याशिवाय कळणार नाही. मग मुलं मगर सोडून बाणाकडे वळतात. चिन्हाचं टोक जिकडे, तिकडे रेषेवरचा बाण, असा सोयीस्कर नियम ती स्वतःच बनवतात. ‘क्ष > ५’ मध्ये हा नियम योगायोगाने बरोबर ठरतो. पेपर काढणारे मात्र मुद्दाम ‘५ < क्ष’ असं लिहितात. टोक डावीकडे, म्हणून बाणही डावीकडे, आणि दोन गुण कामवारी नदीत. वास्तविक दोन्ही विधानं एकच. क्षला आधी डाव्या बाजूला आणा आणि मग काय ते ठरवा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. मुलं मान डोलावतात. कामवारीत आता मगर टिकेल असं तिच्याकडे पाहून वाटत नाही, पण वह्यांमधली काही केल्या मरत नाही.

फळ्यावरची रेषा मुलांना परकी वाटते म्हणून मी एकदा वसई-दिवा लोहमार्गच फळ्यावर काढला. भिवंडी रोड म्हणजे शून्य. डावीकडे ओळीने खारबाव, कामण रोड, जूचंद्र, वसई रोड. उजवीकडे कोपर आणि दिवा. एकेक स्थानक म्हणजे एकेक पूर्णांक. स्थानकांमधली अंतरं सारखी नाहीत हे मला ठाऊक आहे, पण या मार्गावर प्रवासी गाड्या इतक्या मोजक्या की अंतर मोजायची वेळच येत नाही, मोजायची ती वाट.

खारबाव उणे एकवर आल्याबरोबर खारबावची एक मुलगी उभी राहिली. “सर, आमचं गाव मायनस का?”

“अगं, मायनस म्हणजे वाईट नाही. शून्याच्या डावीकडचं, एवढंच.”

“मग खारबाव शून्य करा आणि भिवंडी प्लस वन.”

“मग कामणवाल्यांनी काय करायचं?”

“कामणचं कुणी वर्गात नाही, सर.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीमा आयोगांचं कामकाज याहून फार वेगळ्या तत्त्वावर चालत असेल असं मला वाटत नाही. खारबाव शून्य झालं, भिवंडी धन एक, कामण उणे एक. गणिताचं काही बिघडलं नाही. शून्य कुठे मांडायचं हे मांडणाऱ्याच्या मर्जीवर असतं. त्यानंतर कोण कुणाच्या डावीकडे हे मात्र बदलत नाही. खारबावच्या मुलीला पहिला भाग लगेच पटला. दुसरा अजून पटलेला नाही.

त्याच तासाला मी विचारलं, “शून्यापेक्षा मोठी अशी सर्वांत लहान संख्या कोणती?” वर्गातली निम्मी मुलं सुताच्या आणि ग्रे कापडाच्या व्यवहारात मुरलेल्या घरांतली. मीटरमागे पाच पैशांनी भाव तोडताना बाप-काकांना पाहत ती मोठी झालेली. एकाने सुरुवात केली, “एक.” दुसरा म्हणाला, “पॉइंट वन.” तिसऱ्याने पॉइंट झिरो वन सांगून सौदा खाली ओढला. पाच मिनिटांत दशांश चिन्हापुढे शून्यांची मालगाडी लागली आणि प्रत्येक बोलीवर मागून कुणीतरी “अजून कमी” म्हणत होतं. शेवटी एकाने वैतागून विचारलं, “सर, मग त्या पोकळ गोलाला अगदी लागून कोण बसलंय?”

कुणीच नाही. जागा रिकामी नाही, पण पहिला बसलेला असा कुणी दाखवता येत नाही. हे जगातल्या कुठल्याही मुलाला पटवणं अवघड, भिवंडीच्या मुलाला तर अशक्यच. मोक्याच्या जागेला लागून कुणी बसलेलं नाही, असं त्याने आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं.

आता जरा इतिहास. < आणि > ही चिन्हं पहिल्यांदा छापली गेली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात. पुस्तक छापून आलं तेव्हा हॅरियटला जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे मगरीची कल्पना कुणाची, हे त्याला विचारता आलं नाही. बरोबरीचं चिन्ह त्याच्याही आधीचं, रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये आणलेलं. म्हणजे तिकडे बरोबरी आधी सुचली आणि लहानमोठेपणा त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. आपल्याकडे क्रम उलटा, आणि दुसरा टप्पा अजून यायचा आहे. ‘किंवा तेवढंच’ हे सांगण्यासाठी मगरीच्या जबड्याखाली रेघा जोडल्या त्या पियेर बुगेर या फ्रेंच माणसाने, १७३४ मध्ये. मधली एकशे तीन वर्षं छापखान्यात ‘पेक्षा कमी’ला चिन्ह होतं, ‘पर्यंत’ला रुळलेलं चिन्ह नव्हतं. आपल्या कार्यालयांनी ती एकशे तीन वर्षं अजून संपू दिलेली नाहीत.

संख्यारेषा वापरून बेरीज-वजाबाकी समजावली ती जॉन वॉलिसने, १६८५ च्या बीजगणितावरच्या ग्रंथात. त्याने एक माणूस रेषेवर चालवला. तो पाच यार्ड पुढे गेला, मग आठ यार्ड मागे आला. एकूण पुढे किती गेला? उणे तीन. ऋण संख्या ही भुताटकी नव्हे, हे युरोपातल्या विद्वानांना पटवायला एवढी पायपीट करावी लागली. वॉलिस आमच्याकडच्या माणकोली नाक्यावर आला असता तर त्याला काल्पनिक माणूस लागला नसता. पाच यार्ड पुढे सरकलेला टेम्पो, समोरचा कंटेनर वळताना मागे आला म्हणून आठ यार्ड मागे येताना त्याने डोळ्यांनी पाहिला असता, आणि टेम्पोच्या मागच्या रिक्षावाल्याची ऋण संख्यांविषयीची मतंही त्याच्या कानावर पडली असती. तिथून जवळच ‘वेगमर्यादा ४०’ अशा अर्थाची पाटी असते. वेग चाळीस किंवा त्याहून कमी: भरीव ठिपका, रेघ डावीकडे, शून्यावर भरीव ठिपका. शून्य ही या असमानतेची रीतसर उकल आहे. त्या अर्थाने संध्याकाळी सहा वाजता भिवंडीइतकं कायदा पाळणारं शहर सापडणार नाही.

ट्रकवाल्यांना तर संख्यारेषा वेगळी शिकवावीच लागत नाही. ठाण्यातून अवजड वाहनांना साधारण दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० ते पहाटे ५ अशी मुभा असायची. वेळा मधूनमधून बदलतात. गणितात याला दोन अंतरालांचा संयोग म्हणतात. ड्रायव्हर त्याला ‘गेट खुला’ म्हणतो. फळ्यावर ० ते २४ अशी रेषा काढली तर रात्रीचा तुकडा मध्यरात्री तुटतो, अर्धा रेषेच्या या टोकाला आणि अर्धा त्या टोकाला. एका ड्रायव्हरच्या मुलाने हे पाहून सांगितलं, “सर, चूक आहे. बाबा रात्री बाराला थांबत नाहीत.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. चूक रेषेची होती, तास गोलात फिरतात.

पण ठिपक्याचं खरं महाभारत पाहायचं असेल तर एसटीत बसा.

एसटीच्या तिकिटाइतकी सुंदर संख्यारेषा महाराष्ट्र शासनाने दुसरी काढलेली नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं. मग पुरुषाचं पूर्ण सुरू होतं ते पासष्टीला संपतं. पासष्ट ते पंच्याहत्तर पुन्हा अर्धं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढे सगळं मोफत. म्हणजे माणूस फुकटात सुरू होतो, अर्ध्यावर येतो, त्रेपन्न वर्षं पूर्ण भरतो, पुन्हा अर्ध्यावर येतो आणि फुकटात संपतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हे सांगायला पाचशे पानं लागतात, कंडक्टर एका तिकिटात सांगतो. बायकांचं गणित मार्च २०२३ पासून त्याहून सोपं झालं. त्यांना मधल्या सगळ्या वयांत अर्धं तिकीट, त्यामुळे पाचापासून पंच्याहत्तरपर्यंत एक सरळ जाड रेघ. भांडण फक्त दोन टोकांना.

पुरुषांच्या रेषेवर मात्र चार ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक वाद. बाराच्या ठिपक्यावर आयांचा मुक्काम असतो. “किती वर्षांचा?” “अकरा.” गेल्या वर्षी अकरा, यंदा अकरा, ओठांवर मिसरूड फुटलं तरी अकरा. स्वतःचं तिकीट अर्धं झाल्यापासून या आयांच्या आवाजात तर जास्तच आत्मविश्वास आलेला आहे. त्यापेक्षा मोठा तंटा पंच्याहत्तरीचा. भिवंडी आगारातून सुटलेल्या एका गाडीत माझ्या पुढच्या बाकावरच तो चालला होता.

“आजोबा, तिकीट?”

“फुकट.”

“आधार दाखवा.”

आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आधार काढलं. कंडक्टरने तारीख पाहिली. “एक जून. अजून चार दिवस हायत तुम्हाला. अर्धं घ्या.”

“आरं पोरा, मी शिमग्याचा हाय. होळीच्या दुसऱ्या दिसाचा. ही तारीख मास्तरनं घातली.”

“मग मास्तरांना सांगा दुरुस्त करायला.”

“त्याला गाठायचं तर मला वरतीच जायला लागल. तितं फुकटच नेतात, चौघं जन.”

गाडीत हशा पिकला. कंडक्टरही हसला, पण तिकिटाचं मशीन हातात धरूनच. हसणं आणि सवलत ही दोन वेगळी खाती आहेत. शेजारी बसलेल्या आजींनी मात्र आधार कार्ड पिशवीतून काढलंही नाही. अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून ठेवलेले होते, ते दिले आणि त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. सरळ जाड रेघेवर राहणाऱ्या माणसाला जी शांती लाभते ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

त्या एक जूनबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, असं कागदपत्रं सांगतात. यामागे ग्रहयोग नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, नाव घालायला मुलाने ठरावीक वय गाठलेलं लागायचं, आणि जन्माची नोंद कुणाकडे नसायची. हेडमास्तर पोराला डोक्यावरून हात वळवून डावा कान पकडायला लावत. कान हाताला लागला की वय पुरं, आणि दाखल्यावर तारीख एक जून. गणिताच्या भाषेत सांगायचं तर हेडमास्तरांनी असमानता सोडवलीच नाही, त्यांनी क्ष बदलला. उत्तर बरोबर आलं. त्याची फेड मात्र आज एसटीच्या बाकावर चालली आहे, अर्ध्या तिकिटाने.

यंत्रमागवाल्यांची रेषा एसटीइतकी गोड नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने यंत्रमागांना विजेत जादा सवलत जाहीर केली: जोडभार २७ अश्वशक्तीपेक्षा कमी असेल तर युनिटमागे १ रुपया, २७ पेक्षा जास्त पण २०१ पेक्षा कमी असेल तर ७५ पैसे. दोन्ही वाक्यं फळ्यावर उतरवून पाहा. सत्ताविसावर डावीकडून पोकळ गोल, उजवीकडूनही पोकळ गोल. म्हणजे बरोबर सत्तावीस अश्वशक्तीचा कारखाना राज्यात असूच शकत नाही, किंवा असला तर त्याने सवलतीच्या भानगडीत पडू नये. चहाच्या टपरीवर कुणी ‘कमी’ वाचलेलं असतं, कुणी ‘पर्यंत’ ऐकलेलं असतं, आणि ज्याने जो पेपर वाचला त्या पेपरच्या बाजूने तो बोलतो.

आमच्या वर्गाखालचे शेठ एकदा वर आले. शेठ म्हणजे नावाला. त्यांचा जोडभार बरोबर सत्तावीस, आणि साध्या मागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची, त्यावरून त्यांचा पसारा किती ते कळेल.

“सर, तुम्ही गणितवाले. सत्तावीस म्हणजे कशात धरायचं?”

“लिहिलंय तसं वाचलं तर कशातच नाही.”

“म्हणजे आमी हायच नाय?”

“अर्धा हॉर्सपॉवर कमी करा. साडेसव्वीस झालात की रुपयात बसता.”

“कमी काय करू? कांडी मशीनची मोटर काढली तर कांड्या कोण भरल, तुम्ही?”

मी शिक्षकी पेशा सांभाळून गप्प बसलो. जोडभार थोडा वाढवला तर पंचाहत्तर पैशांत बसाल, असाही मार्ग होता, पण पंचवीस पैसे गमावण्यासाठी नवीन मोटर घ्या, हे सांगण्याचं धाडस झालं नाही. सरकारचा हेतू उदार होता यात शंका नाही, आणि खिडकीवर माणूस शहाणा असला तर सत्ताविसाला कुठेतरी सामावून घेईलच. पण ते त्याच्या शहाणपणावर. कागदावर तो गोल पोकळच आहे.

त्यातला २०१ हा आकडाही माझा लाडका. २०० पर्यंत असं लिहिण्याऐवजी ‘२०१ पेक्षा कमी’. ज्याने हे लिहिलं त्याचं जग मोजण्याच्या संख्यांचं: एक, दोन, तीन, दोनशे, मग थेट दोनशे एक. त्या जगात ‘२०० किंवा कमी’ आणि ‘२०१ पेक्षा कमी’ एकच. संख्यारेषेवर मात्र मध्ये दोनशे पूर्णांक एक द्वितीयांश राहतो, दोनशे पूर्णांक तीन चतुर्थांश राहतो, आणि हा वरचा अर्धा-पाऊण हॉर्सपॉवर मोटरीच्या दुकानातून विकतही आणता येतो. माझ्या वर्गात ही चूक केली तर अर्धा गुण कापला जातो.

सगळेच काठ असे निसरडे नसतात. दहावीला ३५ ला भरीव ठिपका आहे, तो सगळ्या महाराष्ट्राला पाठ. पस्तिसावर बसलेला मुलगा पेढे वाटतो, चौतिसावरचा घराबाहेर पडत नाही, आणि दोघांना येणारं गणित मात्र सारखंच असतं. मालवाहतुकीचा काठही स्पष्ट आहे: मालाची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली की ई-वे बिल, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हीच मर्यादा जुलै २०१८ पासून १ लाख. ‘पेक्षा जास्त’ म्हटल्यामुळे बरोबर लाखाचा माल सुटतो. परिणाम असा की लाखाच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे साडेनव्याण्णव हजार, नव्याण्णव हजार नऊशे अशा बिलांची जी दाटी होते, तेवढी दाटी धामणकर नाक्यावर ईदच्या आदल्या दिवशीही होत नसावी. संख्यारेषेवर कुठल्याही दोन बिंदूंच्या मध्ये आणखी बिंदू मावतो, हे गणिताने सिद्ध केलं आहे. गोदामवाल्यांनी ते वापरून दाखवलं.

आता चिन्ह उलटण्याची गोष्ट, कारण मुलं सगळ्यात जास्त तिथेच आपटतात. असमानतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की मगरीने तोंड फिरवायचं. ५ > २, पण −५ < −२. ‘−२क्ष < ६’ सोडवताना उणे दोनने भागलं की ‘क्ष > −३’ होतं. निम्मा वर्ग ‘क्ष < −३’ लिहून मोकळा होतो आणि बाण डावीकडे, वसईच्या दिशेने सोडतो. का उलटायचं, हे समजावायला मी ब्रह्मगुप्ताला बोलावतो. त्याने इ.स. ६२८ मध्येच धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज मानून ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले, वॉलिसचा माणूस चालायला लागण्याच्या हजार वर्षं आधी. मी मुलांना सांगितलं, “पाच कोटींवाला दोन कोटींवाल्यापेक्षा मोठा. आता आकडे तेच ठेवा आणि दोघांना कर्जात घाला. पाच कोटींचं कर्ज असलेला खाली गेला, दोन कोटींवाला वर आला. क्रम उलटला की नाही?”

मागच्या बाकावरून हात वर झाला. “नाही उलटला, सर. माझ्या काकांवर दोन कोटी आहेत. समोरच्या गाळ्यातल्या शेठवर पाच. बँकेचा साहेब आला की काकांना उभं ठेवतो आणि शेठला विचारतो, चहा घेणार का?”

या मुलाला मी पूर्ण गुण दिले. ब्रह्मगुप्ताच्या काळात थकीत कर्जाची पुनर्रचना नव्हती.

दोन असमानता एकदम आल्या की ‘आणि’ आणि ‘किंवा’ यांचा घोळ सुरू होतो. तो मुलांना समजत नाही, पण मुलांच्या आयांना जन्मतः समजतो. मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बाईंची यादी अशी असते: वय अठ्ठावीसच्या आत, पगार लाखाच्या वर, उंची पाच फूट आठच्या वर, स्वतःचं घर, सासू घरात नको, आणि गाव माणकोलीपासून पंधरा मिनिटांच्या आत. प्रत्येक अट एकेकटी घेतली तर रेषेवर लांबच लांब जाड रेघ मिळते. सगळ्या एकावर एक ठेवल्या की सामाईक भाग उरत नाही. याला रिकामा संच म्हणतात. तीन वर्षांनी बाई ‘आणि’च्या जागी हळूच ‘किंवा’ घालतात आणि हळद लागते. पंधरा मिनिटांची अट मात्र वाहतुकीमुळे आपोआप बाद झालेली असते.

तेव्हा शासन निर्णय काढणाऱ्यांना, सवलतींचे फलक रंगवणाऱ्यांना आणि सोसायटीच्या नोटिशीत ‘पाच तारखेपर्यंत’ असं लिहिणाऱ्या सचिवांना एक विनंती. तुमचा नियम लांबलचक लिहा, त्यात ‘तथापि’ घाला, ‘उपरोक्त’ घाला, आमची ना नाही. फक्त शेवटच्या सहीच्या वर एक आडवी रेघ काढा, तिच्यावर आकडा मांडा आणि त्याच्यापुढचा गोल भरलाय की पोकळ ठेवलाय तेवढं दाखवा. कंडक्टरचं, खिडकीवरच्या माणसाचं आणि वर गेलेल्या हेडमास्तरांचं काम हलकं होईल. पेन्सिल नसेल तर आमच्याकडून घेऊन जा. वर्ग सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत उघडा असतो. नऊ धरून.